इंग्रजीच्या तासाला गोष्ट : तंजावर ते फिजी



गोष्ट सांगून शिकवण्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं नाव येतं ते विष्णुशर्म्याचं. राजाची तीन मठ्ठ मुलं, सहा महिन्यांची मुदत आणि त्यातून निघालेलं पंचतंत्र. आज मी त्याला जरा बाजूला बसवणार आहे. त्या राजपुत्रांना विष्णुशर्म्याची भाषा कळत होती, त्याला शिकवायची होती ती नीती. आपला प्रश्न वेगळा आहे. समोर बसलेल्या पोराला भाषाच येत नाही आणि शिकवायची आहे तीच भाषा. तिथे गोष्ट काय करते? आपल्या प्राथमिक शाळांत इंग्रजीच्या तासाला गोष्टीला जागा मिळाली का, आणि मिळाली नाही तर कशामुळे, ते आज पाहू.

सुरुवात तंजावरपासून करावी लागते. व्यंकोजीराजांच्या वंशातले सरफोजीराजे दुसरे (१७७७ ते १८३२) श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढले. इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं. त्यांनी दरबारात देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि १८०६ मध्ये तिथून 'बालबोध मुक्तावली' छापून निघाली. इसापाच्या गोष्टींचं ते मराठी भाषांतर. जरा विचार करा, पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता, आणि मराठी मुलांसाठी छापलेलं अगदी सुरुवातीचं पुस्तक तयार होत होतं कावेरीच्या काठी! मुंबईत हे घडायला आणखी वीसेक वर्षं गेली. सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांचं 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही दोन्ही पुस्तकं १८२८ ची.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या कथा इंग्रजीकडून मराठीत आल्या, मराठी वाचायला शिकवण्यासाठी. मराठी पोराला इंग्रजी शिकवायला कुणी कोल्ह्याला आणि द्राक्षांना कामाला लावलं नव्हतं. आणि मराठीत आल्यावर प्रत्येक कथेच्या शेपटाला 'तात्पर्य' चिकटलं ते कायमचं. शाळेत गोष्ट म्हणजे तात्पर्यासाठी केलेली खटपट, ही समजूत तिथून पक्की होत गेली असं माझं मत आहे.

१८३५ चा मेकॉलेचा मसुदा, १८५४ चा वुडचा खलिता, त्यावर या मालिकेत पुन्हा बोलायला नको. आपल्याला हवा आहे त्याचा एकच परिणाम. इंग्रजी ही नोकरीची भाषा झाली. वाघिणीचं दूध म्हणून तिचा गौरव झाला, पण बहुतेकांनी ते प्यायलं ते कारकुनीच्या परीक्षेसाठी. परीक्षा आली की पुस्तक तिच्या मापाने शिवलं जातं. आपल्याकडे 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' पिढ्यान्‌ पिढ्या चालली. बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत राहणाऱ्या आपल्या घरांतही कुणा आजोबांच्या ट्रंकेत ती सापडेल. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी. पुस्तक चोख आहे, त्याने हजारो माणसांना इंग्रजी दिलं हे मान्यच करायला हवं. पण एका वाक्याचा दुसऱ्या वाक्याशी काही संबंध नाही. पहिल्या वाक्यात आलेला माणूस तिसऱ्या वाक्यात कुठे गेला, हे विचारायचं नसतं.

बंगालमध्ये प्यारीचरण सरकार यांचं 'फर्स्ट बुक ऑफ रीडिंग' १८५० मध्ये निघालं आणि त्यावर तिथल्या पिढ्या घडल्या. लहानपणी रवींद्रनाथ टागोरांनीही तेच गिरवलं. पुढे, १८९२ मध्ये, त्यांनी 'शिक्षार हेरफेर' हा निबंध लिहिला. त्यातला एक मुद्दा आपल्या विषयाच्या थेट मुळाशी जातो. इंग्रजी वाचनमालेत गवत वाळवण्याच्या हंगामाचं वर्णन असतं, चार्ली आणि केटी बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारताना भांडतात असा प्रसंग असतो. इंग्रज मुलाला ते वाचून मजा येते, कारण त्याने ते केलेलं आहे. बंगाली मुलाच्या मनात मात्र त्या शब्दांनी एकही चित्र उभं राहत नाही. तो अंधारात चाचपडावं तसा पान चाचपडतो. रवींद्रनाथांची तक्रार अशी की या मुलाच्या वाट्याला मौजेखातर वाचायचं असं काहीच येत नाही. भाषा परकी आणि विषयही परका, म्हणजे दोन्ही पायांत बेड्या.

मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं, कारण पुस्तकात कथा नव्हती असं ते म्हणत नाहीत. कथा होती, पण ऐकणाऱ्याला शिरायला तिच्यात दार नव्हतं. नंतर शांतिनिकेतनात शिकवताना रवींद्रनाथांनी इंग्रजीसाठी स्वतः पुस्तकं लिहिली. त्यातल्या एकाचं नाव 'इंग्राजी श्रुतिशिक्षा', साल १९०९. नावातच सगळं आलं. आधी कान, मग डोळे. नोबेल मिळवणारा कवी चिमुरड्यांसाठी इंग्रजीची प्राथमिक पुस्तकं लिहीत बसला होता, हे आपण सहसा सांगत नाही.

आता याच बंगालमधल्या दुसऱ्या माणसाकडे वळू. मायकेल वेस्ट, जन्म १८८८, इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधला इंग्रज अधिकारी. ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचा प्राचार्य. १९२६ मध्ये त्याचं 'बायलिंग्वलिझम' हे बंगालवरचं पुस्तक आलं, आणि त्यात त्याने विम्याच्या धंद्यातला एक शब्द शाळेत आणला : सरेंडर व्हॅल्यू.

एलआयसीची पॉलिसी असलेल्या प्रत्येकाला हा शब्द ठाऊक आहे. मुदत पुरी होण्याआधी पॉलिसी मोडली तर हाती काय पडतं? वेस्टने विचारलं, मुलाने मध्येच शाळा सोडली तर त्याच्या इंग्रजीची सरेंडर व्हॅल्यू किती? बंगालमध्ये शाळेत आलेल्यांपैकी फार थोडे शेवटपर्यंत पोचत. अभ्यासक्रम मात्र आखलेला असे तो शेवटपर्यंत जाणाऱ्यासाठी. पहिली दोन-तीन वर्षं नुसता पाया भरायचा, भिंती नंतर, छप्पर त्याहून नंतर. दोन वर्षांनी जो मुलगा गेला, त्याच्याकडे नुसता पाया. त्यात राहता येत नाही.

वर्गात बसलेली प्रत्येक व्यक्ती उद्या शाळा सोडणार असेल तर आज तिला काय द्यावं, असा प्रश्न शिक्षणात फार क्वचित विचारला गेला आहे. अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी स्वतः शेवटपर्यंत शिकलेली असतात, हे त्याचं एक कारण असावं.

वेस्टचं उत्तर होतं वाचन. बोलायला शिकणं लांबचं काम. थोडक्या शब्दांत वाचता येईल असं काही दिलं तर मुलाला लगेच लाभ होतो. त्याने शाळेतल्या वाचनमाला तपासल्या. जुनाट, कवितेतच शोभणारे शब्द जागोजाग, आणि एका पानावर इतके नवे शब्द की पोराचा श्वास कोंडावा. आलेला शब्द पुन्हा येतोच असंही नाही. मग त्याने स्वतःच्या 'न्यू मेथड' वाचनमालेत शब्द मोजून-मापून वापरले. नवा शब्द अंतराने यावा, आला की पुन्हा पुन्हा भेटावा. रॉबिन्सन क्रूसोसारख्या कथा त्याने मोजक्या शब्दांत उतरवल्या. लाँगमन्सने ही पुस्तकं छापली आणि ती आशिया-आफ्रिकेतल्या शाळांत गेली. पुढे १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची जी प्रसिद्ध यादी त्याच्या नावाने निघाली तिची मुळं या खटाटोपात आहेत. सोप्या इंग्रजीतली गोष्टीची पुस्तकं आज जगभर विकली जातात, त्या धंद्याची एक मोठी मुळी ढाक्याच्या मातीत आहे.

वेस्टच्या प्रश्नाशी मी पूर्ण सहमत आहे, उत्तराशी अर्धा. त्याच्यासमोर वाचता येणारी, थोडी मोठी मुलं होती. सहा-सात वर्षांच्या पोराला मराठीसुद्धा नीट वाचता येत नसतं. त्याला सर्वांत लवकर लाभ कशातून होईल? तिथे मला रवींद्रनाथांचा कान जास्त पटतो.

त्याच सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका बालमंदिरात गोष्टीला शिक्षणाच्या मध्यभागी बसवत होते. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या गोंगाट करणाऱ्या वर्गात पहिल्या दिवशी सपशेल आपटतो आणि मग गोष्ट सुरू करतो, तेव्हा कुठे वर्ग शांत होतो. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ताराबाई मोडक ही दृष्टी घेऊन मुंबईत दादरला आल्या, मग बोर्डी, मग कोसबाड. म्हणजे गोष्टीची ताकद मराठी शिक्षकाला ठाऊक नव्हती असं म्हणायची सोयच नाही. पण ती राहिली मातृभाषेच्या तासापुरती. घंटा वाजून इंग्रजीचा तास सुरू झाला की तोच शिक्षक उठून खडू हातात घेई आणि फळ्यावर स्पेलिंग लिही.

स्वातंत्र्यानंतर तर आणखी एक वळण आलं. मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होई, महाराष्ट्र झाल्यावर ते पाचवीपासून आलं. त्याच काळात मद्रासकडून 'स्ट्रक्चरल' पद्धत देशभर पसरत होती, आणि १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. या पद्धतीत वाक्यांचे साचे सोप्याकडून अवघडाकडे रचलेले असत. आज हा साचा, उद्या तो. वर्तमानकाळ शिकवताना शिक्षक दाराकडे चालत जायचे आणि चालता चालता म्हणायचे, 'आय ॲम वॉकिंग टू द डोअर.' वर्ग पाठोपाठ म्हणायचा. दाराशी पोचून सर परत फिरायचे.

एरवी माणूस दाराकडे जातो तो कुणी आलंय म्हणून, किंवा कुणी यायला नको म्हणून. इथे दारामागे कुणीच नाही.

आता त्याच साच्यासाठी आपली चिमणी-कावळ्याची कथा घ्या. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं. तो चिऊताईचं दार वाजवतो. ती दर वेळी नवी सबब सांगते. इंग्रजीत सांगायची तर 'ओपन द डोअर' आणि 'वेट, माय बेबी इज स्लीपिंग', 'वेट, माय बेबी इज ईटिंग' एवढ्या दोन-तीन वाक्यांवर ती पार पडते. साचा तोच, पाच-सहा वेळा आलेला. फरक एवढाच की इथे पोराला जाणून घ्यायचं असतं, दार उघडणार की नाही. गोष्ट मराठीत आधीच माहीत असल्यामुळे प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत बसावं लागत नाही. व्हिडिओत मी टेबलावर टकटक करून हे दाखवलं होतं, इथे ते तुम्हालाच कल्पनेत वाजवावं लागेल. रवींद्रनाथांच्या चार्ली-केटीवरचा उतारा नेमका हा आहे. भाषा परकी राहू दे, पाऊस आपला असावा.

साच्यांच्या त्या अभ्यासक्रमात कथा अगदीच नव्हती असं नाही. तिला 'रॅपिड रीडर' नावाचं वेगळं पातळ पुस्तक होतं. पण ते वरच्या इयत्तांत, आणि परीक्षेत त्याला गुण कमी, म्हणून वर्षाच्या शेवटी घाईघाईने उरकायचं. बऱ्याच जणांना त्यातल्या कथा अजून आठवतात, पाठ्यपुस्तकातले साचे आठवत नाहीत. परीक्षेत कमी वजन असलेली गोष्ट ध्यानात का राहते, याचा विचार करावा.

यापुढचा पुरावा भारतातला नाही, तरी भारतीयांशी जोडलेला आहे. फिजी. १८७९ पासून १९१६ पर्यंत तिथे भारतातून गिरमिटिया मजूर नेले गेले, ऊसमळ्यांवर. त्यांच्या वंशजांची हिंदी आणि मूळ रहिवाशांची फिजियन, अशा दोन भाषांतली मुलं तिथल्या खेड्यांतल्या शाळांत शिकत. पहिली तीन वर्षं शिक्षण मुख्यतः मातृभाषेत आणि चौथीपासून माध्यम इंग्रजी. इंग्रजी शिकवलं जाई ते साच्यांच्या तोंडी सरावाने, आपल्याकडच्या पद्धतीचं सख्खं चुलत भावंडच ते.

१९८० मध्ये न्यूझीलंडचे वॉरविक एली आणि फिजीचे फ्रान्सिस मांगुभाई यांनी तिथल्या खेड्यांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांत एक प्रयोग केला. वर्गात गोष्टींची सुमारे २५० सचित्र इंग्रजी पुस्तकं आणून ओतली. 'बुक फ्लड', पुस्तकांचा पूर, असंच त्याला नाव पडलं. काही वर्गांत मुलांनी रोज थोडा वेळ मनातल्या मनात वाचायचं, बस्स. काही वर्गांत शिक्षक एखादं पुस्तक सगळ्यांना दाखवत मोठ्याने वाचत, त्यावर गप्पा मारत, तीच कथा पुन्हा वाचत, मुलं ती करून दाखवत, चित्रं काढत. उरलेल्या वर्गांत नेहमीचे साचे सुरू राहिले, म्हणजे तुलना करता यावी.

निकाल १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या आठ महिन्यांत गोष्टीच्या वर्गांची वाचनातली आणि ऐकून समजण्यातली वाढ नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली होती. वीस महिन्यांनी पाहिलं तर फरक ओसरला नव्हता, वाढला होता, आणि लिहिण्यापर्यंत, व्याकरणापर्यंत पोचला होता. ज्यांना साचे शिकवले नव्हते त्यांना साचे येऊ लागले होते!

हा पुरावा ताणू नये हेही सांगतो. फिजीत चौथीपासून सगळेच विषय इंग्रजीत होते, आपल्या मराठी शाळेत दिवसातून एक तास असतो. शिवाय तिथे हातात पुस्तकं होती, नुसती तोंडी कथा नव्हती. पण वेस्टच्या कसोटीवर घासून पाहा. वीस महिन्यांनंतर एखाद्या पोराने शाळा सोडली असती तर साच्यांच्या वर्गातल्या मुलाकडे सुटी वाक्यं असती. गोष्टीच्या वर्गातल्या मुलाला पुस्तक उघडून वाचता आलं असतं.

आता घरी येऊ. जून २००० पासून महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. वाद प्रचंड झाला. एका बाजूला मराठीचं काय होणार ही भीती, दुसऱ्या बाजूला गरिबांच्या मुलांनी इंग्रजीपासून दूर का राहायचं हा सवाल. दोन्ही बाजूंना वजन होतं. पण इंग्रजी कितवीपासून, यावर जेवढी शाई खर्च झाली तिचा दहावा हिस्सासुद्धा 'कसं' यावर झाला नाही. बेळगावात, पणजीत, भोपाळमध्येही हा वाद आजतागायत 'कितवीपासून' याच दाराशी अडलेला दिसतो.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने भाषेने भरलेलं वातावरण मुलांना द्या असं सांगितलं. प्रथम बुक्स ही संस्था २००४ मध्ये निघाली आणि २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर'वर तिने मुलांच्या गोष्टी खुल्या परवान्याने उपलब्ध केल्या. एकच कथा मराठीतही, इंग्रजीतही, कन्नडमध्येही, फुकट. सरफोजीराजांना हे पाहून आनंद झाला असता.

तरीही २०१६ च्या 'असर' अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी सोपी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी साधारण चारातलं एक निघाली, आणि २००९ पासून त्यात फारसा बदल नव्हता. ज्यांना वाक्यं वाचता आली, त्यांच्यातही अर्थ सांगू शकणारी सुमारे साठ टक्केच. उच्चार येतो, अर्थ येत नाही. रवींद्रनाथांचं अंधारात चाचपडणारं पोर १८९२ मधून चालत इथवर आलेलं आहे.

दोष शिक्षकावर टाकणं सोपं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई स्वतः पाचवीपासून, साच्यांतून, इंग्रजी शिकल्या. त्यांना वर्गात इंग्रजी बोलायची धास्ती वाटते, आणि ती खोटी नाही. 'इंग्रजीतून संवाद साधा' असं प्रशिक्षणात सांगितलं की त्या माना डोलावतात आणि वर्गात जाऊन फळ्यावर ए फॉर ॲपल लिहितात. संवादाला अंत नाही, मूल काय विचारेल याचा नेम नाही. गोष्टीला मात्र सुरुवात आणि शेवट असतो. चिमणी-कावळ्याची दहा-बारा वाक्यं घरी चार वेळा म्हणून पाहता येतात, एखाद्या जाणत्याकडून उच्चार तपासून घेता येतात. मधे अडलं तर मराठीत एक वाक्य टाकून पुढे जाता येतं, त्याने काही बिघडत नाही. अशा दहा कथा वर्षभरात तयार झाल्या तर बाईंचं स्वतःचं इंग्रजीही मोकळं होईल.

अडचण उरते ती गुणपत्रिकेची. पहिली-दुसरीत लेखी परीक्षेचं ओझं कमी आहे, तिथे वाट मोकळी आहे. तिसरीपासून गाळलेल्या जागा, जोड्या लावा आणि स्पेलिंग सुरू होतं, आणि पालक वही उघडून पाहतात. वहीत गोष्ट दिसत नाही. 'आज बाईंनी काहीच शिकवलं नाही, नुसती गोष्ट सांगितली,' हे वाक्य तेव्हा घरोघरी ऐकू येतं, बापू छत्र्यांच्या काळातही आलं असेल. घरी आलेल्या पोराला त्या वेळी एवढंच विचारून पाहा की कावळा दार वाजवताना काय म्हणाला, आणि आतून चिऊताई काय म्हणाली. इंग्रजीत.